प्लेबोट शिकायला शिवपुरीला जाताय? आधी पोहायच्या टँकमध्ये उलटे व्हा

ऋषिकेशजवळच्या शिवपुरीत चार दिवस गंगेवर कयाक, म्हणजे एकट्याने पॅडल मारायची बंदिस्त होडी, शिकून दिल्लीच्या बसमध्ये बसून लिहितोय. उजवा हात कानाच्या वर जात नाही आणि खिसा रिकामा आहे, त्यामुळे सूर तिखट लागला तर समजून घ्या.

आधी पैसे. फोनवर ठरलेला आकडा 12,000, म्हणजे चार दिवस, रोजचे 3,000, ‘सब कुछ इन्क्लूडेड’. निघताना दिलेले 17,300. मधले 5,300 कुठून आले ते नीट वाचा, कारण तुमचेही तिथूनच जातील. स्प्लॅश जॅकेटचं भाडं रोज 300, चार दिवसांचे 1,200. कयाक नदीवर नेणाऱ्या जीपचे 500 प्रमाणे तीन दिवसांचे 1,500. आणि शेवटचे दोन दिवस रॅपिडवर, म्हणजे नदीच्या खवळत्या टप्प्यांवर, उतरलो तेव्हा सोबत आलेल्या ‘सेफ्टी’ कयाकरचे रोज 1,300, म्हणजे 2,600. सेफ्टीचे पैसे वेगळे! हॉटेलात जेवायला बसलो आणि ताटाचं भाडं वेगळं लावलं, असला प्रकार. मी वाद घातला, पण ओल्या कपड्यांत, कुडकुडत, ज्याच्या जीपने परत जायचंय त्याच्याशी किती भांडणार? जॅकेट, जीप आणि सेफ्टी हे तीन शब्द उच्चारून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. ‘सब कुछ’ म्हणजे काहीच नाही.

आता नदी. रायगडमधल्या कुंडलिका नदीवर दोनदा राफ्टिंग केलं होतं, तेवढ्या भांडवलावर मला प्लेबोटर व्हायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्लेबोट म्हणजे जेमतेम सहा फुटांची, बुटकी, सपाट बुडाची कयाक. तिने नदी उतरायची नसते, एकाच लाटेवर खेळायचं असतं. प्रवाह येतो तिकडे तोंड करून लाटेवर थांबायचं, गिरकी घ्यायची, जमलं तर कोलांटी मारायची. स्पर्धेत यासाठी 45 सेकंद मिळतात. व्हिडिओत फार सोपं दिसतं.

‘बिगिनर के लिए छोटी बोट ही अच्छी,’ असं मला सांगितलं गेलं. साफ खोटं. खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं: नदी उतरायच्या आठ-नऊ फुटी कयाक, रिव्हर रनर, दोनच होत्या आणि त्या दुसऱ्या गटाला दिलेल्या. प्लेबोटच्या दोन्ही टोकांत हवा जवळजवळ नसतेच, कडा सुरीसारख्या. त्याच गुणांमुळे ती खेळते आणि त्याच गुणांमुळे नवख्याला क्षणात पालथं घालते. शिवाय ही बोट वजनाप्रमाणे लागते. मी 62 किलोचा, मला मिळालेली बोट बहुधा एखाद्या शाळकरी पोराची. गुडघे कानाशी, पावलं वाकडी. बुकिंग करताना तुमचं वजन त्यांनी विचारलं नाही, तर फोन ठेवून द्या.

पहिला दिवस आणि दुसऱ्याचा अर्धा गेला रोल शिकण्यात. बोट उलटली की आतच बसून, पॅडल आणि कमरेच्या झटक्याने सरळ व्हायचं, तो रोल. शिवपुरीच्या वाळूकाठी, कमरेइतक्या पाण्यात. मार्चमधली गंगा म्हणजे वितळलेला बर्फच. चौथ्या वेळी डोकं खाली गेलं की कपाळात कळ येते आणि शिकलेलं सगळं विसरतं. शिकवणारा दादा गढवाली, शांत, एकच वाक्य शंभर वेळा म्हणणारा: ‘सिर आख़िर में, भैया, सिर आख़िर में.’ त्याचं बरोबर होतं. माणूस घाबरला की हवेसाठी डोकं आधी वर काढतो. डोकं वर आलं की कंबर फिरत नाही, आणि कंबर फिरली नाही की बोट तुम्हाला परत खाली खेचते. आधी बोट, मग अंग, डोकं सगळ्यांत शेवटी. बोटीवर डोक्याने नाही, कमरेने हुकूम चालतो.

पण हे शिकायला 3,000 रुपये रोज देऊन हिमालयात यायची गरज नाही, हेच मला ओरडून सांगायचंय. कमरेचा झटका टँकच्या काठाला धरून शिकता येतो. कोणाकडून जुनी कयाक मिळवा, टँकवाल्या काकांना मस्का लावा, दुपारची रिकामी वेळ मागा आणि कोमट पाण्यात शंभर वेळा उलटे व्हा. मग या.

एक गोष्ट मात्र काठावरच शिका. कमरेभोवतीचा रबरी स्कर्ट बोटीच्या तोंडावर ताणून बसवतात, त्याला पुढे एक पट्टा असतो. तो ओढला की स्कर्ट सुटतो, तुम्ही बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत मी तो पट्टा आत दाबून बसवला. उलटलो, हात पुढे नेला, पट्टा नाही. बोटं गुळगुळीत रबरावरून इकडून तिकडे. पाण्याखाली हिरवा अंधार आणि दगड एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज. शेवटी मांडीच्या बाजूला स्कर्टची कड चिमटीत सापडली, ती उपटली आणि बाहेर आलो. सगळं मिळून दहा सेकंद झाली असतील. तेव्हापासून प्रत्येक वेळी पट्टा बाहेर आहे का ते हाताने चाचपतो, मोठ्याने ‘पट्टा’ म्हणतो. लोक हसतात. हसू देत.

तिसरा दिवस छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चौथ्याबद्दल मात्र सांगणार. आदल्या संध्याकाळी आम्ही ज्या पांढऱ्या दगडावर चहा घेत बसलो होतो, तो सकाळी पाण्याखाली. वर टिहरी धरण आहे. वीज जशी बनवतात तसं पाणी सुटतं आणि गंगेची पातळी दिवसभरात खाली-वर होते. लाटाही पातळीप्रमाणे बदलतात: काल खेळायला योग्य होती ती आज सपाट, काल नव्हतं तिथे आज भोक, म्हणजे पाणी उलटं फिरून बोट धरून ठेवतं ती जागा. पाणी वाढलेलं दिसत असताना चार दिवसांच्या पोराला ‘गोल्फ कोर्स’ नावाच्या रॅपिडमध्ये उतरवायला नको होतं. पण शिकवणाऱ्यांना दुपारच्या आत ऋषिकेशला पोचायचं होतं.

त्याच्या आधीचा ‘रोलर कोस्टर’ रॅपिड मी कसाबसा सरळ पार केला. त्यानेच घात केला, वाटलं जमतंय. गोल्फ कोर्स हा या टप्प्यातला सगळ्यात दांडगा रॅपिड, राफ्टवालेही त्याच्या आधी आवाज चढवतात. मला सांगितलं होतं, मधली मोठी लाट टाळून एडीत जा. खडकामागे पाणी उलटं वर चढतं, ती एडी. बाहेर प्रवाह खाली धावतोय, आत पाणी वर येतंय, आणि मधली शिवण हीच खरी मारामारीची जागा. शिवण ओलांडताना वळाल त्या बाजूला बोट कलती करायची, म्हणजे समोरून येणाऱ्या पाण्याकडची कड वर राहते. मी घाबरून उलट्या बाजूला झुकलो. प्रवाहाने मागची कड पकडली, शेपूट बुडालं, बोटीचं नाक आभाळाकडे. प्लेबोटर हीच करामत हौसेने करतात, तिला स्टर्न स्क्वर्ट म्हणतात. मी ती न मागता केली आणि पालथा पडलो. पहिला रोल फसला. दुसऱ्यात अर्धा वर आलो, श्वासाऐवजी पाणी घेतलं. तिसरा केलाच नाही, पट्टा ओढला.

पुढचा ‘क्लब हाऊस’ रॅपिड मी बोटीशिवाय पार केला. पाय वर, पुढे, प्रवाहाच्या दिशेने. उभं राहायचं नाही, तळाच्या दगडांत पाय अडकला तर पाणी वाकवून खाली दाबतं. पॅडल हातात राहिलं, बोट गेली. तिच्यात मागे एअरबॅगच नव्हती, म्हणजे बोट तरंगती ठेवणारी हवेची पिशवी! पाण्याने भरली आणि लाकडासारखी वाहत गेली. सेफ्टीवाल्याने आधी बोट पकडली, मग मला. 2,600 रुपये कशाचे होते ते मला तिथे कळलं. बोट हातात मिळाली की आधी मागे हात घालून एअरबॅग बघा. नसेल तर बसू नका, कोण काय म्हणेल ते म्हणो.

आणि तरीही. गंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या खाली, अंगात त्राण नसताना, एका लहानशा, गुडघ्याएवढ्या लाटेवर दादाने ‘आ जा’ म्हणून बोलावलं. एडीतून तिरकं जाऊन बोटीचं नाक लाटेच्या उतारावर ठेवलं आणि अचानक सगळं थांबलं. पाणी खालून सुसाट पळतंय, काठ जागच्या जागी, मीही जागच्या जागी. पॅडल नुसतं मागे टेकवलेलं. दादाने मोजले, सात सेकंद. 17,300 भागिले सात किती होतात ते मी काढलंय, सांगत नाही.

मागून येणाऱ्यांसाठी उरलेलं. नाकाची क्लिप घरूनच न्या, तिथे मिळाली नाही. कानात बोळे घाला, वर्षानुवर्षे गार पाण्यात राहिलं तर कानात हाड वाढतं. जाड सँडल प्लेबोटमध्ये मावत नाहीत, निओप्रीनचे (रबरी कापडाचे) मोजे किंवा पातळ बूट घाला. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यातलं सगळं बंद असतं. थंडीत पाणी कमी आणि शिकायला बरं, पण गारठा सोसायची तयारी हवी. ऋषिकेश ते शिवपुरी शेअर जीप मिळते, खाजगी गाडी करू नका.

कुंडलिकेचं काय, असं विचाराल. भिरा वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटतं तेवढे काही तासच नदीला जीव असतो, पण पाणी कोमट आणि पुण्याहून पहाटे निघून पोचता येतं. एडीची शिवण ओलांडायला तिथेच शिका. खेळायच्या मोठ्या लाटा तिथे नाहीत, पण तुम्हाला इतक्यात त्या लागणारही नाहीत. मी पुढचा महिना शनिवारी तिथेच.

काश्मिरी गेटला बस थांबली. बुटाची नाडी बांधायला वाकलो तर नाकातून चमचाभर पाणी भळकन बुटावर पडलं. काल दुपारचं. आईने गंगाजल आणायला सांगितलं होतं.