तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर हवाच का?

कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो म्हणून ओळखीतले, नात्यातले, बिल्डिंगमधले सगळे मला हा प्रश्न विचारतात. "आमचा पीसी जुना झालाय, फार स्लो चालतो. आता आय५ घेऊ की आय७?" आय३, आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूची, चढत्या क्रमातली नावं. म्हणजे नवा घ्यायचाच हे आधी ठरलेलं असतं, फक्त कुठला एवढंच विचारायचं राहिलेलं असतं. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: थांबा, आधी तुमचा आहे तो बघू.

घरी जे काम चालतं ते डोळ्यांसमोर आणा. ब्राउझर, बँक, सातबारा काढणं, मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, मराठीत चार पानं टाइप करणं, यूट्यूब, फोटो, परदेशातल्या मुलाशी व्हिडिओ कॉल. गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही बऱ्यापैकी डेस्कटॉप प्रोसेसर हे आरामात करतो. तरीही यंत्र रडतं, हेही खरं. पण रडणारा भाग दुसराच असतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचा चौथ्या पिढीतल्या आय३चा डेस्कटॉप. चालू केला की चहा करून यावा एवढा वेळ घ्यायचा. एका दुकानात त्यांना सांगितलं, प्रोसेसर आउटडेटेड झालाय, पूर्ण सेट बदला. पेन्शनमधून पैसे काढायची तयारी करूनच त्यांनी मला वर बोलावलं. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर (कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडला आणि म्हटलं, सर, हे रकाने बघा. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, दहा-बारा टक्क्यांवर रेंगाळत होता. शेजारी डिस्कचा रकाना १०० टक्के, लालभडक. प्रोसेसर रिकामा बसून हार्डडिस्ककडून माहिती यायची वाट बघत होता. त्याच्या जागी याहून दसपट वेगवान प्रोसेसर आणून बसवला असता तर तोही तसाच बसून राहिला असता.

हे असं का होतं ते सांगतो, कारण एकदा कळलं की दुकानात कोणी फसवू शकत नाही. जुन्या हार्डडिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या. माहितीचा एक तुकडा हवा असेल तर आधी काटा योग्य जागी सरकतो, मग तबकडीचा तो भाग काट्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं. यात साधारण १५ मिलिसेकंद जातात. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही, पण तीन गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीनशे कोटी ठोक्यांच्या, प्रोसेसरचे तेवढ्यात साडेचार कोटी ठोके पडून जातात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे इथूनतिथून गोळा करायचे असतात. हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये चिप असतात, फिरणारं काहीच नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होतं. सरांच्या मशीनला एसएसडी लावली, चार जीबीची रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आठ केली, पंख्यावरचा धुळीचा थर काढला. प्रोसेसर तोच.

तो धुळीचा थर हलक्यात घेऊ नका. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. वर्षानुवर्षं न उघडलेल्या लॅपटॉपमध्ये थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) वाळून खडखडीत झालेली असते. पंखा साफ करून नवी पेस्ट लावली की 'म्हातारा' लॅपटॉप पुन्हा धावताना मी बघितलाय.

पूर्वी मात्र प्रोसेसरच कमी पडायचा, म्हणून लोकांच्या मनात जुनी सवय बसली आहे. १९९३मध्ये पहिला पेंटियम आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. २००३मध्ये पेंटियम ४ तीन गिगाहर्ट्झच्या पुढे गेला होता. दहा वर्षांत नुसते ठोकेच जवळजवळ पन्नासपट झाले. त्या काळात तीन-चार वर्षांत यंत्र बदलणं शहाणपणाचंच होतं. पण २००४मध्ये ३.८ गिगाहर्ट्झला पोचल्यावर उष्णतेची भिंत आडवी आली, चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने रद्द केला, आणि पुढची वाढ मुख्यतः कोअर, म्हणजे एकाच प्रोसेसरमधले काम करणारे भाग, वाढवण्याकडे वळली. २०१३च्या आणि २०२३च्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये एका कोअरच्या वेगाचा फरक ढोबळमानाने दुप्पट-अडीचपट निघेल. वर्डमध्ये पत्र लिहिताना तो जाणवत नाही, कारण तिथे यंत्रच तुमच्या बोटांची वाट बघत असतं.

ज्यांना खरंच हवा आहे त्यांना मी अडवत नाही. लग्नाचे फोर-के व्हिडिओ एडिट करणारा मुलगा, रेव्हिट या इमारतींच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, मोठे प्रोग्राम कंपाइल करणारे, यांचे तास वाचतात. त्यांनी जरूर घ्यावा. गेम खेळणाऱ्यांनी मात्र आधी ग्राफिक्स कार्डाकडे बघावं.

आणि घ्यायचाच असेल तर नुसत्या आय५, आय७ वर जाऊ नका, पुढचा आकडा वाचा, त्याच्या सुरुवातीला पिढी कळते. आय५-७२००यू आणि आय५-८२५०यू यांच्यात एकाच वर्षाचं अंतर, पण पहिल्यात दोन कोअर आणि दुसऱ्यात चार. बाराव्या पिढीचा डेस्कटॉप आय३ तिसऱ्या पिढीच्या आय७ला सहज मागे टाकतो. सेकंडहँड बाजारात 'आय७ आहे' एवढं ऐकून पैसे मोजणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

आता प्रोसेसरचा खरा प्रश्न. तो वेगाचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या बाजूला जवळजवळ सरसकट आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरना चालतं म्हणते, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) हवं. म्हणजे २०१७ साली सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतलेला माणूस, यंत्र ठणठणीत असूनही रेषेबाहेर. सुरक्षेची कारणं आहेत, ती मला मान्य आहेत. तरी चांगली चालणारी लाखो यंत्रं एका यादीमुळे भंगाराच्या वाटेला लागावीत याचा मला मनापासून राग येतो. अशांसाठी घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. त्यानंतरही ब्राउझर, ईमेल आणि बँकेपुरता वापर असेल तर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवून देतो, त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठीही टाइप होतं. पण हिशेबाच्या टॅलीवर किंवा मराठी टायपिंगच्या श्रीलिपीवर पोट असेल तर हा मार्ग नको, तिथे नवं यंत्र घ्या. अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करत राहू नका, एवढं मात्र मी सगळ्यांना हात जोडून सांगतो.

हल्ली 'एआय पीसी'बद्दलही विचारतात. त्यात एआयच्या कामांसाठी एनपीयू नावाचा वेगळा भाग असतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लसच्या शिक्क्यासाठी त्याने सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करायला हव्यात. आकडा भारदस्त आहे. पण तुम्ही ब्राउझरमध्ये जो चॅटबॉट वापरता तो कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्या टेबलावर नाही. एनपीयूसाठी जादा पैसे मोजायचं कारण मला आज दिसत नाही.

बजेट ठरलेलं असेल तर एक पायरी खालचा प्रोसेसर घ्या आणि रॅम १६ जीबी घ्या. लॅपटॉपमध्ये रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावरच जोडलेली आहे, हे बिल करण्याआधी विचारा, कारण अलीकडे मेमरीचे भाव चढलेत आणि नंतर बदलायची सोयच नसेल तर अडकाल. उरलेल्या पैशांत एक एक्स्टर्नल ड्राइव्ह आणा आणि घरातले सगळे फोटो त्यावर उतरवून ठेवा. प्रोसेसर बिघडला म्हणून माझ्याकडे क्वचितच कोणी येतं. डिस्क गेली आणि बारशापासूनचे फोटो गेले म्हणून येणारे मात्र पुष्कळ असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांसाठी मला काहीच करता येत नाही.