जुलैतली खोली, मेमधला पेपर

बाहेरगावची पोरं नागपुरात उतरतात ती जुलै-ऑगस्टात. पाऊस असतो, हवा गार असते, आणि त्या गारव्यात गच्चीखालची स्वस्त खोली पसंत पडते. एप्रिलमध्ये त्याच खोलीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो आणि विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते. म्हणून खोली जुलैत बघा, पण डोळ्यापुढे मे ठेवा.

खिडकीबाहेर कूलर बसेल का, हे आधी बघायचं. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ती दमट हवा फिरवतो. तासाभरात अंग चिकचिकतं, वह्यांची पानंही लिबलिबीत होतात. त्याला बाहेरची कोरडी हवा ओढायला हवी आणि आतली हवा जायला समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. कूलर भरायला वरच्या मजल्यावर पाणी येतं का, किती वाजता येतं, वीज सब-मीटरवर असेल तर युनिटचा दर काय, कूलरचे पैसे वेगळे का, हे घरमालकाला आजच विचारा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार ते कागदावर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं खोली सोडताना कुणाला आठवत नाही.

मेट्रोजवळ खोली हवी असा हट्ट सगळ्यांनीच धरू नये. ऑरेंज लाइन वर्धा रोडने खापरीकडे जाते, अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरकडे, दोन्ही सीताबर्डीला भेटतात. हिंगणा रोडच्या कॉलेजवाल्यांना अ‍ॅक्वा लाइनचा उपयोग आहे. विद्यापीठाचा कॅम्पस मात्र अमरावती रोडवर, आणि तिथून मेट्रो जात नाही. काटोल, सावनेर, उमरेडहून अपडाऊन करणाऱ्यांनी कॉलेजचा बोनाफाईड देऊन एसटीचा विद्यार्थी पास काढावा. भाड्याचा साधारण एक तृतीयांशच भरावा लागतो. मुलींचा बारावीपर्यंतचा मोफत पास पदवीला संपतो. मग त्या महिलांच्या अर्ध्या तिकिटावर रोज प्रवास करतात. रोजचं जाणं-येणं असेल तर विद्यार्थी पास त्याहून स्वस्त पडतो.

मेसचं थोडक्यात सांगायचं तर आधी चार दिवस सुटे डबे खा, मग महिन्याचे पैसे भरा. रविवारी संध्याकाळी मेस चालू असते का आणि गावी गेलात तर किती दिवसांच्या पुढे खाडे धरतात, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधीचे.

आता कागद. पहिल्या सेमला जेवढी पोरं अभ्यासात अडकत नाहीत तेवढी इथे अडकतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा नाव आधी. एवढ्याने फारसं बिघडत नाही, स्पेलिंगमधल्या एका अक्षराने बिघडतं. डिजिलॉकरमधून १२ अंकी एबीसी आयडी (तुमचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) काढताना नाव आधारवरून येतं आणि कॉलेजच्या नोंदीशी जुळत नाही. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईत घरचं लाडकं स्पेलिंग टाकू नका. दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच करा.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे आले नाहीत, ही तक्रार दरवर्षीची. बँकेत विचारलं की उत्तर मिळतं, 'आधार लिंक आहे.' असेलही. पण पैसे जातात ते एनपीसीआयच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारचे सरकारी पैसे कुठल्या बँकेत टाकायचे त्या यादीत, शेवटी जोडलेल्या खात्यात. ते कधी शाळेत काढलेलं झिरो बॅलन्स खातं निघतं, कधी सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, मग तिथेही पैसे अडतात. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या, संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघा. बँकेचं नाव वेगळं दिसलं तर हव्या त्या बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असं स्पष्ट सांगून फॉर्म भरा. नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं तर केवायसी करून परत पाठवतात.

अर्ज सायबर कॅफेतून भरला तरी मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. नाहीतर कॉलेजच्या लिपिकाने अर्ज दुरुस्तीसाठी 'सेंड बॅक' केला की मेसेज कॅफेवाल्याला जातो, आणि तुम्ही मात्र मंजुरीची वाट बघत बसता. आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते बघावं. उत्पन्नाचा दाखला गावच्या तहसीलचा लागतो, म्हणून दिवाळीला घरी जाल तेव्हा सेतू केंद्राचं काम आधी, फराळ नंतर.

हजेरीचा हिशेब कुणी सांगत नाही. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाला ६० तास. ७५ टक्क्यांची अट धरली तर १५ तास बुडवता येतात, आणि आठवड्याला चार तास असतील तर हे चार आठवडेसुद्धा होत नाहीत. आता शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेला मुलगा घ्या. वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झालेले, १२ तास न बसताच गेले. उरले तीन. गणपतीला गावी गेला की तेही संपले. काही कॉलेजं हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून धरतात, काही वर्ग सुरू झाल्यापासून. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना अर्ज देऊन प्रवेशाची तारीख नोंदवून घ्या आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या.

सेशनलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, 'त्याचं काय एवढं' म्हणणारे विषय राहून बॅक लागल्यावर रडतात. अंतर्गत गुण आणि विद्यापीठाचा पेपर यांत वेगवेगळं पास व्हावं लागतं की बेरजेत, हे अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये परीक्षा योजनेच्या तक्त्यात असतं. त्या एका पानाची प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. जवळच मागच्या तीन परीक्षांचे पेपर ठेवा आणि दर रविवारी त्यातला एक प्रश्न घड्याळ लावून, पेनाने, पूर्ण लिहा. बारावीपर्यंत एमसीक्यू सोडवून आलेल्या पोरांचा हात पहिल्या पेपरला पाऊण तासातच दुखायला लागतो, आणि उत्तर येत असूनही शेवटचा प्रश्न कोरा राहतो.