आईने विचारलं, "इथलं आयर्विन कुठं?"

12 ऑक्टोबर 2019, शनिवार. सकाळी घरातले सगळे फोन एकदम कर्कश वाजले. आम्ही टोकियोच्या एदोगावा वॉर्डात राहतो, निशी-कासाईला. हागिबिस हे चक्रीवादळ (टायफून) संध्याकाळी येणार होतं. इथे त्याला नावाने कुणी ओळखत नाही, सगळे 'एकोणीस नंबर' म्हणतात, कारण वर्षातल्या टायफूनना क्रमांक असतात. महिनाभर आधीच पंधरा नंबरने शेजारच्या चिबात घरांची कौलं उडवली होती, त्यामुळे या वेळी कुणी गाफील नव्हतं. दुकानात पाव नाही, पाणी नाही, काचांना लावायची चिकटपट्टीसुद्धा संपलेली. बाल्कनीतल्या कुंड्या आणि कपडे वाळत घालायचे दांडे आत घेतले, बाथटब काठोकाठ भरला. लोकल दुपारपासून बंद होणार, हे आदल्या दिवशीच जाहीर झालं होतं.

आई तेव्हा माझ्याकडे होती. ऑगस्टच्या महापुरात सांगलीचं आमचं घर पाण्यात गेलं. गाळ काढून झाल्यावर मीच तिला इकडे आणलं, जरा विसावा मिळावा म्हणून. आणि इथेही हेच! वॉर्डाने त्याच वर्षी घरोघरी नकाशा वाटला होता. त्यावर स्वतःच्याच वॉर्डाबद्दल लिहिलं होतं, 'इथे थांबू नका.' इथली सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे.

आईने धपाटे थापून डबा भरला आणि दुपारी आम्ही निवाऱ्यासाठी उघडलेल्या शाळेत गेलो. दारात चपला काढून पिशवीत घालायच्या आणि ती पिशवी आपल्याजवळच ठेवायची. वर्गात चटई, घोंगडी, आणि मुलांची इवलीशी बाकं भिंतीला सरकवलेली. संध्याकाळी सव्वासहानंतर भूकंपाचा हादरासुद्धा बसला. आईने माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.

रात्री वारा पडला. नवरा म्हणाला, "गेलं वादळ, चला घरी." आई बसल्या जागेवरून म्हणाली, "पाऊस वर पडलाय ना? मग पाणी अजून यायचंय. इथलं आयर्विन कुठं?"

सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आकाश निरभ्र असलं तरी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर, हेच आधी विचारायचं. ऑगस्टमध्ये तिथे सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. मी फोनवर शोधलं. आमच्या आराकावा नदीचं आयर्विन म्हणजे वरच्या अंगाला असलेलं इवाबुची. तिथे नदीला दोन फाटे फुटतात. रात्री नऊनंतर तिथला निळा दरवाजा बंद केला होता. त्यामुळे शहराच्या पोटातून जाणाऱ्या सुमिदा नदीत पाणी शिरलं नाही. सगळं आमच्या बाजूने समुद्राकडे निघालं.

रविवारी लख्ख ऊन पडलं. पोरं शाळेच्या अंगणात खेळायला लागली, लोक घोंगड्या घडी करायला लागले. आई मात्र दर पंधरा मिनिटांनी विचारत होती, "आता किती?" पातळी वाढतच होती. धोक्याची पातळी 7.70 मीटर. दहाच्या सुमारास आकडा 7.17 वर गेला आणि तिथेच थांबला. पुढच्या वेळी पाहिलं तर उतरला होता. त्याच दिवशी नागानोत चिकुमा नदीचा बांध फुटून शिनकान्सेनचे (बुलेट ट्रेनचे) डबे पाण्यात उभे असल्याची दृश्यं टीव्हीवर दिसत होती.

"उतरतंय," मी म्हणाले. आईने तीनदा विचारून खात्री केली. मग चपलांची पिशवी उचलली.