तापीकाठच्या माणसाने पाहिलेली नाईल

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावापासून तापी फार लांब नाही; परंतु नदीतून प्रवास करायचा असतो ही कल्पना आमच्याकडे कोणाच्या डोक्यात येत नाही. नदी ओलांडायची, तिच्यावर मोटार बसवायची, पूर आला की पुलावर जाऊन पाहायचा, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. म्हणून केळीचा एक हंगाम बरा गेल्यावर सौभाग्यवतींनी इजिप्तच्या सहलीचा आग्रह धरला, तेव्हा लक्सर ते अस्वान हे सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर चार रात्री बोटीत राहून कापायचे, हेच मला देवळांपेक्षा जास्त नवलाचे वाटले.

लक्सरच्या धक्क्यावर चार-पाच बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि काठावर जायचे तर दुसऱ्यांच्या बोटींच्या दिवाणखान्यांतून जावे लागते. ‘नदीचे दर्शन घडवणारी’ म्हणून सहल कंपनीने जादा पैसे घेऊन दिलेल्या आमच्या खोलीच्या खिडकीतून पहिली रात्रभर शेजारच्या बोटीची भिंतच दिसली. कर्नाकच्या मंदिरातील १३४ खांबांचे दालन आणि पश्चिम काठावरील राजांच्या दरीतील थडगी यांविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी त्यात भर घालत नाही. खरी सहल बोट सुटल्यावर सुरू झाली.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून ‘वरचा इजिप्त’ नकाशात खाली असतो. वारा मात्र बहुधा उत्तरेकडून वाहतो. जाताना शीड उभारायचे आणि येताना ते उतरवून प्रवाहाबरोबर यायचे, ही सोय निसर्गानेच करून ठेवल्यामुळे प्राचीन चित्रलिपीत दक्षिणेकडे जाण्याच्या शब्दाला शीड फुगलेल्या नावेचे चिन्ह आहे. वरच्या डेकवर बसले की दोन्ही काठ एकदम दिसतात: खजुराची झाडे, ऊस, केळी, आणि कित्येक ठिकाणी अवघ्या काही शेतांपलीकडे एकदम पिवळे, उघडे वाळवंट. बांधावर एक पाय शेतात आणि दुसरा वाळूत ठेवून उभे राहता येईल, इतकी ती सीमा स्पष्ट आहे.

“अहो, ठिबक कुठे दिसत नाही हो,” केळीची एक बाग जवळून गेली तेव्हा ही म्हणाली. खरोखरच पाटाने पाणी सोडलेले होते. जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही तिथे पाट, आणि पाऊस पडणाऱ्या आमच्या जळगाव जिल्ह्यात ठिबकच्या नळ्या!

जुने इजिप्ती लोक आपल्या देशाला ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी, म्हणत आणि वाळवंटाला तांबडी भूमी. ती काळी माती तिथली नव्हेच. इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातील बेसाल्ट झिजून झालेला गाळ दर पावसाळ्याच्या पुराबरोबर तिथे येऊन पडत असे. आपली काळीसुद्धा बेसाल्टचीच, हे लक्षात आल्यावर मला त्या काठाविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

एस्ना येथील जलपाशात बोट शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी भरले जाते आणि बोट वरच्या पातळीला उचलली जाते. तेवढ्या वेळात होड्यांतून आलेले विक्रेते खालून थेट डेकवर चादरी आणि झगे फेकतात. भाव ओरडून ठरतो आणि पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे. एद्फूचे होरस या ससाणामुखी देवाचे मंदिर इसवी सनपूर्व २३७ मध्ये सुरू होऊन इसवी सनपूर्व ५७ मध्ये पूर्ण झाले. पुढे ते वाळूत गाडले गेले आणि लोकांनी त्याच्या छतावर घरे बांधली; ते इतके चांगले टिकले, त्याचे श्रेय त्या वाळूलाच आहे. आम्हांला तिथे जेमतेम तासभर मिळाला, ही तक्रार मी अजून विसरलेलो नाही.

मला सर्वांत जवळचे वाटले ते कोम ओम्बो. तिथे सोबेक हा मगरमुखी देव आणि होरस यांचे जोडमंदिर आहे आणि मगरींच्या ममीही आहेत. पण मी रेंगाळलो तो आवारातील एका विहिरीपाशी. पायऱ्या असलेल्या या विहिरीत पुराची पातळी मोजली जाई आणि त्यावरून यंदा पीक किती येईल व सारा किती घ्यायचा, याचा अंदाज बांधला जाई. आमच्याकडची पैसेवारी हीच की! फरक इतकाच, की आमच्याकडे पीक उभे राहिल्यावर तलाठी येतो आणि तिथे पेरणीआधीच पुजाऱ्याला आकडा कळत असे.

तो पूर आता येत नाही. १९६० ते १९७० या काळात अस्वानला ३.८ किलोमीटर लांबीचे उंच धरण झाले. वीज आली, बारमाही पाणी आले. गाळ मात्र धरणामागेच अडला आणि शेतकरी खताच्या गोणीवर आला. धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून अबू सिम्बेलचे मंदिर १९६४ ते १९६८ दरम्यान कापून ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारले. ते पाहण्यासाठी आम्ही पहाटे निघून वाळवंटातून बसने गेलो. रामसेस राजाचे चार प्रचंड पुतळे समोर आले तेव्हा मी सांधे शोधत होतो आणि ते सहज सापडत नव्हते.

शेवटच्या दिवशी फिले. हे इसिस देवीचे मंदिरही १९७२ ते १९८० दरम्यान शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवले आहे. नेणारा नावाडी न्युबियन, म्हणजे दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या मूळ रहिवाशांपैकी, होता. त्याचे गाव विचारल्यावर त्याने धरणाच्या दिशेने हात केला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले, की ते आजोबांचे, आता पाण्याखाली आहे आणि त्याने ते पाहिलेले नाही. इजिप्तमधील सुमारे ५०,००० न्युबियन त्या वेळी उठवले गेले आणि बहुतेकांना कोम ओम्बोच्या परिसरात वसवले गेले. दोन दिवसांपूर्वी आम्ही तिथूनच आलो होतो. आमच्या नंदुरबारकडच्या अक्राणी-अक्कलकुवा भागातील नर्मदाकाठची गावे सरदार सरोवरात गेली, हे मला त्याला सांगायचे होते, पण माझे इंग्रजी त्याच्यापेक्षा फार बरे नव्हते. मी फक्त “आमच्याकडेही,” एवढे म्हणालो. त्याने मान हलवली आणि नाव धक्क्याला लावली.