व्हिडिओचे पैसे अडकले तेव्हा उद्यमचा कागद कामाला आला: माझा अनुभव

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि दुकानदारांना मराठीत व्हिडिओ करून देणं हे माझं पूर्णवेळ काम आहे. आधी ऐरोलीला एका आयटी कंपनीत होते. किती फॉलोअर झाले की पैसे चालू होतात असं खूप जणी विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहितेय, आणि उद्यम म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी अडकलेले पैसे सोडवायला कशी कामाला आली तेही, कारण फॉलोअर वाढणं आणि घर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणी नीट सांगत नाही.

यूट्यूबचं आधी सांगते. जाहिरातींतला हिस्सा हवा तर १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास वॉच टाइम लागतो, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेले तास त्या ४००० मध्ये धरत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. १० डॉलर जमले की ॲडसेन्सचा, म्हणजे यूट्यूबचे पैसे ज्यातून येतात त्या गूगलच्या खात्याचा, पिन पोस्टाने येतो, साधं पाकीट असतं, सोसायटीच्या बॉक्समध्ये कुठेतरी पडून राहतं, म्हणून वॉचमनकाकांना सांगून ठेवा. खात्यात पैसे यायला मात्र १०० डॉलर व्हावे लागतात. लहान मराठी चॅनेलला त्याला वेळ लागतो, त्यावर घराचा हप्ता जात नाही. आणि एकाच अ‍ॅपवर सगळं ठेवू नका. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ अ‍ॅप्स बंद झाली तेव्हा चांगली कला असलेल्या लोकांचे फॉलोअर एका रात्रीत गेले, मला त्याचं आजही वाईट वाटतं.

माझं घर चालतं ते नौपाडा, गोखले रोड, वाशी इथल्या दुकानांवर. साडीच्या दुकानात शूट असलं की आम्ही सकाळी शटर अर्धं वर असतानाच जातो, गिऱ्हाईक नसतं आणि रस्त्यावर टीएमटीच्या बसचे हॉर्न पण कमी असतात. ट्यूबलाईटखाली पैठणीचा पदर अगदी मेल्यासारखा दिसतो, जरीकाम चमकतच नाही, मग दोघी जणी तो पदर धरून दारापर्यंत नेतात आणि उन्हात हळूच फिरवतात, तेव्हा कुठे रंग उठतो. कॉलर माइक लावून शेठ स्वतः दोन वाक्यं बोलले तर गिऱ्हाईक येतं, मॉडेलने बोलून येत नाही. हे मला कुठल्या कोर्समध्ये कळलं नाही, दुकानात उभं राहून कळलं.

काही शेठ म्हणतात, ताई ते पेड पार्टनरशिपचं लेबल नका लावू, लोक पुढे सरकवतात. मी लावतेच. पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे हे दाखवायचा एएससीआयचा, म्हणजे जाहिरातवाल्यांनीच नेमलेल्या देखरेख संस्थेचा, नियम २०२१ पासून आहे, आणि नियम नसता तरी लावलं असतं, बघणाऱ्या बाईने माझ्यावर विश्वास ठेवून पदरचे पैसे घालायचेत. काही जण पैशांऐवजी वस्तू देतात. वर्षभरात एकाकडून २०,००० च्या वर वस्तू मिळाल्या आणि आपल्याकडेच ठेवल्या तर त्यावर १० टक्के टीडीएसचा, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापायच्या टॅक्सचा, नियम आहे, १ जुलै २०२२ पासून. म्हणजे सरकारच्या हिशेबी ती कमाईच आहे.

आता मुख्य गोष्ट. नोकरी सोडल्यावर आमच्या ओळखीच्या सीएकाकांनी पहिलं काम सांगितलं ते उद्यम रजिस्ट्रेशन. ते सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. फी मागणाऱ्या साइट्स भरपूर आहेत, तिकडे जाऊ नका. मी सर्व्हिसेस निवडलं आणि व्यवसायाचा प्रकार म्हणून जाहिरातीचा कोड ७३१०० टाकला, सर्टिफिकेट आलं, ते फाईलला लावून ठेवलं.

मग घोडबंदर रोडच्या एका फर्निचर शोरूमचं मोठं काम आलं. दिवाळीआधी व्हिडिओ दिले, त्यांनी चालवले, गर्दी पण झाली. पैसे मात्र नाहीत. शेठ बाहेरगावी आहेत, सोमवारी बघतो, जीएसटी नंबर नाही तर बिल कसं पास करू, असं काय काय. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हे मी सांगितलं, तरी तेच. एडिट करणाऱ्या पोरीला मी माझ्या खिशातून पैसे दिले, तिने रात्री जागून काम केलं होतं, तिला कशी थांबवणार.

सीएकाका म्हणाले, कायद्याने लेखी करार असला तरी लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. आणि मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चपर्यंत दिलं नाही तर इन्कम टॅक्सच्या नियमाने (तेव्हाचं ४३बी(एच) कलम) त्या वर्षी तो खर्च त्यांना टॅक्समध्ये दाखवता येत नाही. हे कळल्यावर मला खरंच धीर आला. मी एक साधं मराठी पत्र केलं, बिल, उद्यम नंबर, व्हिडिओ मिळाल्याचा त्यांचाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडला, समाधान पोर्टलवर, म्हणजे लहान उद्योगांच्या अडकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी साइटवर, तक्रार करावी लागेल असं नम्रपणे लिहिलं आणि मेलवर त्यांच्या अकाउंटंटला पण कॉपी टाकली. शेठनी नाही, अकाउंटंटनी फोन केला. मॅडम, मार्चच्या आत करून टाकतो म्हणाले. टीडीएस कापून सगळे आले, व्याज मी सोडलं.

एक लक्षात घ्या, उद्यम नोंदणी काम द्यायच्या आधीची असलेली बरी, पैसे अडकल्यावर काढून मागच्या बिलाला उपयोग होईलच असं नाही.

पुढे त्याच शोरूमला पाडव्याचा व्हिडिओ हवा होता. मी एक पानाची वर्क ऑर्डर पाठवली, उद्यम नंबर वरतीच, अर्धे पैसे आधी, उरलेले व्हिडिओ दिल्यापासून १५ दिवसांत. अकाउंटंटनी सही करून त्याच संध्याकाळी ॲडव्हान्स टाकला.