तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

घरचे विचारतात, "सी.ए. झालीस, गुंतवणुकीच्या फंडात बसलीस, मग सॉफ्टवेअरमध्ये पैसे घालायचे सोडून हे दवाखान्याच्या यंत्रांचं काय धरून बसलीस?" बाहेरचे जरा सभ्यपणे विचारतात की, लोकांच्या आजारपणावर नफाच कमवायचा, तर त्याला सेवेचं नाव कशाला?

सेवेचं नाव मी कधीच दिलेलं नाही. नाही, दिलंय. नोकरीच्या मुलाखतीत "वडिलांसाठी" असं म्हणाले होते आणि समोरचे गप्प झाले होते. तेव्हापासून तेच उत्तर देत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

नोव्हेंबर १९९८. आण्णांना पान लागलं, म्हणजे साप चावला. उसाला पाणी पाजायला रात्री गेले होते, कारण त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीचीच होती. जनावर कुणी पाहिलं नाही. वाटेत एक जण म्हणाला, आधी देवळाकडून जाऊ. काकांनी जीप थांबवली नाही. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आण्णांचं थोडं रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी केली आणि मला म्हणाले, "हिला हात लावू नका. घड्याळ बघा आणि वीस मिनिटांनी मला हाक मारा." रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं, एवढं त्यांनी सांगितलं.

मी वीस वर्षांची होते. स्टूल ओढून नळीसमोर बसले. आण्णा शुद्धीत होते, पाय पोटरीपर्यंत सुजला होता, आणि ते परत परत विचारत होते, "मोटार बंद केली का गं कुणी?" मी "हो" म्हणत होते. केली होती की नाही, मला ठाऊक नव्हतं. अकराव्या मिनिटाला वाटलं, कडेला साय धरतेय. मी श्वास रोखून बघत राहिले. वीस मिनिटं झाली तरी हाक मारायचा धीर होईना, म्हणून आणखी दोन मिनिटं गप्प बसले. ती दोन मिनिटं मी आजवर आईलासुद्धा सांगितलेली नाहीत. डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

कपाटात सापाच्या विषावरच्या लसीच्या (प्रतिविषाच्या) चार बाटल्या होत्या. त्या दिल्या. पुरणार नाहीत, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत लघवी बंद झाली होती. मग डायलिसिस. आठव्या दिवशी आण्णा गेले.

पुढे वाचत गेले तसं कळलं, घोड्यांच्या रक्तापासून ही लस करायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, आणि तिच्यासाठीचं विष बहुतेक तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळ आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. पण घोणशीचं विष प्रदेशागणिक बदलतं, म्हणून एकच लस सगळीकडे सारखी चालत नाही. मला वाटलं, इथं बुद्धी कमी नाही, पैसा कमी आहे. आणि पैशाचं काम मला येत होतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आणि एक मुलगी थेंबभर रक्तावर विष ओळखणारी पट्टी घेऊन आमच्याकडे आले. मी नकार दिला. घेणारं फक्त सरकार, तेही टेंडरने, बिल कधी निघेल ते सांगता येत नाही, आणि फंडाला ठरलेल्या मुदतीत लोकांचे पैसे परत करायचे असतात. यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी त्यांना म्हणाले, "मार्केट लहान आहे." भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. तो मी वाचलेला होता.

स्टुलावरची ती मुलगी, म्हणजे वीस वर्षांची मी, मला माफ करणार नाही. पण तिलाही मला काही सांगायचंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून माणसं वाचवली. ती रक्तदाबाची, आधीपासून बाजारात असलेली गोळी. त्याला गुंतवणूकदार लागला नाही. आण्णांना तर दिवसाची वीज आणि पायात गमबूट असते, तरी बहुतेक पुरलं असतं. मग पैसा कमी आहे, हे माझं निदान बरोबर होतं का? अर्धं होतं. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट तालुक्याच्या कपाटात रोज, पुरेशी, तारीख न उलटलेली असायची, तर कुणीतरी वर्षानुवर्षं पैसा लावावा लागतो. तो मी हृदयाच्या उपकरणांत लावला, शहरातल्या रुग्णालयांसाठी. ती चालली, माणसं वाचली आणि नफाही झाला. याची मला लाज वाटत नाही.

गेल्या महिन्यात पट्टी घेऊन आलेल्या त्या मुलीचा फोन आला. पट्टीचं काम चालू आहे. मी म्हटलं, माझे स्वतःचे पैसे देते.

ती म्हणाली, "मॅडम, तुमचे नकोत, फंडाचे हवेत. फंडाने दिले तरच पुढचे गुंतवणूकदार देतील."

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.