लोहियांना दिलगिरी, किंग यांना मध्यस्थ
मडगावच्या लोहिया मैदानावर गोवा क्रांतिदिनाच्या भाषणांत 18 जून 1946 ची सभा आणि पोर्तुगीजांनी डॉ. राममनोहर लोहियांना केलेली अटक यांचा उल्लेख हमखास होतो. मात्र मे 1964 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरातल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या एका उपाहारगृहाच्या दारातून पोलिसांनी याच लोहियांना गाडीत घालून नेले होते, हे तिथे कोणी सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा माफी मागायचीच तर ती अध्यक्षांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याकडे मागावी, असे लोहियांनी सुनावले.

ही तत्परता घरच्या लोकांच्या वाट्याला क्वचितच आली. 15 सप्टेंबर 1963 रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी अध्यक्ष केनेडी यांना तार केली आणि पुढे शिष्टमंडळासह प्रत्यक्ष भेटून शहरात केंद्राचे सैन्य मागितले. त्यांना मिळाले दोन गोरे मध्यस्थ, एक माजी लष्करमंत्री आणि दुसरा अमेरिकन फुटबॉलचा माजी प्रशिक्षक. (फुटबॉलवेड्या गोव्यातही ही नेमणूक कोणाला पटली नसती.) 1961 मध्ये बसमधील वर्णभेद मोडू निघालेल्या स्वातंत्र्ययात्रींवर हल्ले झाले, तेव्हा केंद्राने मार्शल पाठवले खरे, पण महान्यायवादी (अ‍ॅटर्नी जनरल) रॉबर्ट केनेडी यांनी त्याच सुमारास आंदोलकांनाही थोडे थांबण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी मेरीलँडच्या महामार्गावर आफ्रिकी राजदूतांना खाणे नाकारले जाऊ लागल्यावर मात्र परराष्ट्र खात्याने हॉटेलमालकांचे मन वळवण्यासाठी खास माणसे कामाला लावली.

सैन्य कधीच धाडले गेले नाही, असे नव्हे. 1957 मध्ये लिटल रॉक येथील गोऱ्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जाता यावे म्हणून अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 101 वी हवाई तुकडी पाठवली. पण तिथेही गव्हर्नरने न्यायालयाचा आदेश धुडकावला होता, आणि त्या रात्रीच्या भाषणात अध्यक्षांनी परदेशातील शत्रूंना होत असलेल्या आनंदाचा मुद्दाम उल्लेख केला. माझ्या मते मदतीच्या मागणीची निकड कोणाला किती भोगावे लागते यावरून नव्हे, तर कोण पाहत आहे यावरून ठरत होती. उपाहारगृहांतील वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा 2 जुलै 1964 रोजी झाला. लोहियांना जॅक्सनमध्ये अडवले गेले, त्या दिवसांत तेच विधेयक दक्षिणेतील सदस्यांनी सिनेटमध्ये लांबलचक भाषणे करून रोखून धरले होते.